पाण्याखाली न पोचलेली बातमी

राजन तेंडोलकर भारतीय नौदलात पाणबुडीवर इलेक्ट्रिशियन होते. तरुणपणी जर्मनीत कीलला राहून ते काम शिकले आणि मग जर्मन बनावटीच्या पाणबुडीवरच त्यांची बरीच नोकरी झाली. पत्नी जयंती गेल्यापासून उन्हाळ्याचे तीन महिने ते नेदरलँड्समध्ये आर्नहेमला लेकीकडे येतात. लेक संहिता तिथे हायड्रोजनच्या फ्युएल सेलवर काम करते.

यंदा तिथल्याच देन हेल्डरच्या बंदरात डच नौदलाने लोकांसाठी जहाजं खुली ठेवली होती. त्यात एक आधुनिक जर्मन पाणबुडीही होती. संहिता म्हणाली, "बाबा, आमच्यासारखेच सेल आहेत तिच्यात. चला."

धक्क्यावर एक चाळिशीचा जर्मन अधिकारी माहिती देत होता. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून आतच वीज तयार होते. इंजिनाचा आवाज नाही, दोन-तीन आठवडे वर यावं लागत नाही. सांगाड्याचं पोलादही असं, की चुंबकाच्या यंत्राला सहज चाहूल लागत नाही.

"आम्हाला बॅटऱ्या भरायला इंजिन चालवावं लागायचं, आणि त्याच्या हवेसाठी नळी पाण्यावर काढावी लागायची," राजन त्याला इंग्रजीत म्हणाले. "शत्रूला दिसू म्हणून त्या वेळी सगळ्यांचा जीव मुठीत." अधिकारी हसला. त्याने आदराने त्यांचा हात हातात घेतला.

मग राजननी विचारलं, "इतके दिवस खाली असताना कुणाच्या घरी काही झालं, तर सांगता?"

"निघण्याआधीच आम्ही प्रत्येकाला विचारतो. सांगायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं."

"आम्हाला कुणी विचारलं नाही," राजन म्हणाले, आणि बाजूला झाले.

समुद्राकडच्या बाकावर ते जाऊन बसले. काय ते संहिताला ठाऊक होतं. तिच्या जन्माआधी तिला एक भाऊ होता, सारंग. दोन वर्षांचा असताना तापाने गेला. राजन तेव्हा पाण्याखाली होते. बंदराला लागल्यावर कॅप्टनने त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं. तोवर तेरावंही उलटून गेलं होतं. बातमी दाबून ठेवणाऱ्या त्या कॅप्टनशी राजन पुन्हा कधी कामाव्यतिरिक्त बोलले नाहीत. तो वारला तेव्हा भेटायलाही गेले नाहीत.

"बाबा," संहिता म्हणाली, "बातमी कॅप्टनने दाबली नव्हती. आईने हात जोडले होते नौदलाच्या ऑफिसातल्या साहेबांपुढे. म्हणाली, परत येईपर्यंत त्यांना सांगू नका. तिथे रडायलाही आडोसा नाही. तिनेच मला सांगितलं, हॉस्पिटलात."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही कॅप्टनवर रागावू शकत होतात, म्हणून जगलात, असं म्हणायची. तो राग तिला काढून घ्यायचा नव्हता."

राजननी चष्मा काढला. "म्हणजे पोराला तिने एकटीने पोचवलं," ते म्हणाले, "आणि वर मलाही सांभाळलं. आणि मी आल्यावर तिला पहिलं काय विचारलं, माहितेय? डॉक्टर वेळेवर का नाही बोलावलास."

संहिता त्यांच्याजवळ सरकून बसली. वारा फार होता. पाणबुडीसमोरची रांग अजून तशीच होती. बाप-लेक ट्रेनची वेळ टळून गेली तरी तिथेच बसून राहिले.