ज्या शब्दात मुलगीच नव्हती

दुर्गापूजेची सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा कोलकात्यात सप्तपर्णीचा बहर असतो. रात्रभर दाटलेला तिचा गंध सकाळीही हवेतून निघत नाही. आधी गोड वाटतो, मग डोकं धरतो. एस्प्लनेडच्या गजबजाटापासून एका भिंतीच्या अंतरावर असलेल्या आमच्या मुलींच्या शाळेत तो गंध आणि जुन्या भिंतींची ओल एकमेकांत मिसळून जातात, आणि त्या संमिश्र वासातून वर्गभर कोवळे आवाज एकदम उसळतात, "गुड मॉर्निंग, मिस!"

इथे शिक्षिकेला मिसच म्हणतात. बाबा बँकेच्या बदलीवर या शहरात आले आणि इथलेच झाले. माझा जन्म इथला. घरात मराठी, रस्त्यावर बंगाली आणि वर्गात इंग्रजी अशी माझी सारी हयात गेली, तरी 'बाई' म्हणून मला कधी कुणी हाक मारली नाही. मी मिस. लग्न केलं नाही म्हणून कागदोपत्रीही मिसच, आणि पन्नाशी उलटल्यावर तो शब्द जरा जास्तच ठळक उच्चारला जातो. मुली बस मिस करतात, सुट्टीत एकमेकींना मिस करतात, चेंडूचा नेम हुकला की मैदानावर 'मिस' असा गलका होतो. हुकणं, झुरणं, चुकणं आणि एकटी बाई, एवढं सगळं एका इवल्याशा शब्दात मावतं याचं मला कौतुक होतं. पोटापाण्यासाठी इंग्रजी शिकवता शिकवता मी त्याच भाषेवर प्रेम केलं होतं.

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गातला पंखा पडला. सुट्टीआधीच तो गरगरताना एका बाजूला झुकायचा, छताशी त्याचा दांडा करकरायचा. मी दोनदा कार्यालयात जाऊन सांगितलं होतं, आणि "पूजेच्या सुट्टीत बघू, मिस" असं उत्तर घेऊन परतले होते. सुट्टी आली, गेली. कुणी बघितलं नाही. शाळा उघडल्यानंतरच्या त्या उकाड्याच्या दुपारी मी फळ्यावर लिहीत असताना पाठीमागे कडाडून आवाज झाला. वळले तेव्हा पांढऱ्या धुरळ्यात काही दिसेना. मग तितिर दिसली. खिडकीजवळच्या बाकावरची, हसताना तोंडावर हात धरणारी मुलगी. ती उभी होती, आणि उजव्या हाताकडे असं पाहत होती, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

तिचा जीव वाचला. डोक्यावर यायचं ते मनगटावर आलं. पण पात्याने आतली शीर आणि स्नायूंचे दोर तोडले होते, आणि शस्त्रक्रियेनंतरही दोन बोटं वळेनात.

पालकांची सभा ठरली. त्याआधी शाळेच्या सेक्रेटरींनी मला खोलीत बोलावलं. गृहस्थ मृदुभाषी, इस्त्रीचा पंजाबी, म्हणजे इथला कुडता, टेबलावर ताजी फुलं. म्हणाले, "मिस, तुम्ही वर्गशिक्षिका आहात, पालक तुमचं ऐकतात. एवढंच सांगा, इट वॉज अ निअर मिस."

निअर मिस. कारखान्यांत, विमानतळांवर वापरतात तो शब्द: अपघात व्हायचा होता, पण हुकला. मी म्हटलं, "हुकलं कुठे? लागलंय तिला."

"जिवावरचं हुकलं ना? लोकांना घाबरवून काय साधणार?" आणि मग, फार समजूतदारपणे, "तुम्हाला मूलबाळ नाही, म्हणून तुम्ही इतकं मनाला लावून घेताय, मिस. शांत व्हा."

त्या क्षणी मला जो राग आला, तसा आयुष्यात कधी आला नव्हता. तो भडकला नाही. तो थंड, जड, पारदर्शक होता. मराठीत आपण म्हणतो, 'पोर थोडक्यात वाचली.' त्या वाक्यात निदान पोर असते. बंगालीतही असंच काहीतरी म्हणतात, तिथेही कुणीतरी वाचलेलं असतं. पण 'निअर मिस'मध्ये कुणीच नाही. मुलगी नाही, हात नाही, दोनदा केलेली तक्रार नाही, ती ऐकून न ऐकणारा माणूस नाही. फक्त एक पंखा, ज्याचा नेम जरासा चुकला. किती स्वच्छ धुतलेला शब्द! ज्या भाषेची वळणं मुलींच्या जिभेवर बसवण्यात माझे केस पिकले, ती एका गुळगुळीत माणसाच्या हातात फडक्यासारखी फिरत होती, आणि फरशीवरचं रक्त पुसत होती.

सभेत मी उभी राहिले. आवाज कापत होता, पण शब्द कापले नाहीत. म्हटलं, "हा निअर मिस नाही. पंखा हलतोय हे मी सुट्टीआधी दोनदा सांगितलं होतं. तो कुणी दुरुस्त केला नाही, आणि तितिरचा हात अधू झाला." सभागृहात एकच गदारोळ उसळला. पुढच्या काही दिवसांत शाळेतले सगळे पंखे उतरवून नवे दांडे बसले. माझ्याकडून वर्ग काढून घेतला गेला. आता मी फक्त बदली तासांना जाते. सेक्रेटरी जिन्यात भेटले तर नजर भिंतीवर ठेवतात.

हे घडलं ते मला मान्य होतं. कठीण गेलं ते पुढचं. थंडी पडू लागल्यावर मी तितिरच्या घरी गेले. तिची आई दारातच म्हणाली, "तुम्ही खरं बोललात, मिस. पण त्यानंतर शाळेतले लोक आमच्याकडे अशा नजरेने बघायला लागले, की तिला तिथे ठेवायची सोय उरली नाही. तिच्या मैत्रिणी तिथेच राहिल्या." आवाजात कडवटपणा नव्हता, नुसता थकवा होता. तिने चहा दिला. मी लवकरच उठले.

तितिर मला खाली सोडायला आली. जिन्याच्या वळणावर, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून येणाऱ्या मोहरीच्या तेलाच्या उग्र वासात, ती एकाएकी पायरीवर बसली. म्हणाली, "मिस, मला फार राग येतो. सगळे म्हणतात तू वाचलीस, देवाचे आभार मान. आई रडते, म्हणून तिला सांगता येत नाही. तुम्हाला सांगू?"

मी तिच्याशेजारी बसले. ती बोलत गेली. अर्धं बंगालीत, अर्धं इंग्रजीत, व्याकरण मोडून, हुंदक्यांत वाक्यं अर्धवट टाकून. पंख्यावर, शाळेवर, न वळणाऱ्या बोटांवर, तिच्याशिवाय डबा खाणाऱ्या मैत्रिणींवर, आणि शेवटी माझ्यावरही. वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावून, काय झालं म्हणून विचारलं. मी हातानेच त्यांना जायला सांगितलं. तिचा चेहरा लाल झाला होता, श्वास लागला होता, आणि मी तिला एकदाही शांत हो म्हटलं नाही.