सोळाशेच्या आतला जावई

पगार कमी असल्याचा आनंद मला आयुष्यात एकदाच झाला, आणि तोही घरी पोचेपर्यंतच टिकला.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मुलुंडच्या एका पंख्यांच्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो. (हाताखाली माणसं तीन. त्यातला एक कायम रजेवर.) तयार पंखे छताला टांगून तासभर फिरवायचे आणि कुठला कुरकुरतो ते ऐकायचं, हे माझं काम. चाळीस पंखे एकदम सुरू झाले की काय वारा सुटायचा! ताज्या रंगाचा वास, खिडकीबाहेर दुपारच्या उन्हात पेंगणारा डोंगर आणि डोक्यावर ती एकसुरी घरघर. पाचव्या मिनिटाला मी आजोळच्या खाडीत, होडीत उताणा. पाणी हलकेच हलायचं, शिडात वारा भरायचा...

"तावडे! मिस्टर तावडे!"

एक दिवस खुद्द मॅनेजरसाहेब समोर उभे होते. बरोबर दोन बडी गिऱ्हाइकं. माझ्या डोक्यावरचा पंखा केव्हाचा बैलगाडीसारखा करकरत होता म्हणे! आणि मी अर्धवट डोळे उघडून साहेबांना म्हणालो, "जरा सरक रे, वारा अडतोय."

संध्याकाळी हातात चिठ्ठी पडली. उद्यापासून कामावर येऊ नये. ना नोटीस, ना चौकशी.

आमच्या युनियनचा सावंत मात्र खुशीत आला. "चौकशी न करता काढलं? झकास! केस टाकू. फक्त एक सांग, पगार किती तुझा?"

"त्याचा काय संबंध?"

"अरे, कायदाच तसा आहे. सुपरवायझरचा पगार सोळाशेच्या वर असला तर तो कायद्याने कामगारच नाही. मग त्याला दाद मागता येत नाही. सोळाशेच्या आत असलास तर वाचलास."

"पंधराशे चाळीस."

"वाचलास यार!" सावंतने मला मिठीच मारली. मीही हरखलो. जिन्यात शीळ घालत वर चढलो आणि दाराशी आठवलं की घरात माझा पगार सतराशे पन्नास आहे!

लग्न जमवताना पगार थोडा फुगवून सांगायचा, ही आपल्याकडची रीत. मुलीकडचे तो मनातल्या मनात उतरवून घेतात, म्हणजे सगळं बरोबर होतं. पण माझे सासरे अण्णा पडले वाकोल्यातले शाळामास्तर. त्यांनी आकडा जसाच्या तसा घेतला आणि दोन वर्षं चाळभर मिरवला. बायकोला, शैलाला, मी सांगितलं होतं की उरलेले फंडात कापतात.

"अहो, परवा सरकारी साहेबासमोर बैठक आहे ना? अण्णा येतायत," शैला म्हणाली.

"अगं, त्यांना कशाला त्रास? त्यांचे गुडघे..."

"गुडघे बरे आहेत त्यांचे."

बैठक होती सरकारी कामगार अधिकाऱ्यापुढे. कंपनीचा माणूस उठला. "तावडेसाहेब आमचे सुपरवायझर. फार जबाबदारीचं पद!" (याच कंपनीने मला बसायला स्टूल नाकारलं होतं.) "आणि भत्ते धरून पगार सोळाशेच्या वर जातो."

"साफ खोटं!" सावंत ओरडला. "सोळाशेच्या आत आहे!"

मागच्या बाकावरून अण्णा ताडकन उठले. "सोळाशेच्या आत? माझ्या जावयाचा असा अपमान करू नका! सतराशे पन्नास!"

"घ्या साहेब, लिहून घ्या!" कंपनीचा माणूस उजळला. "घरचेच सांगतायत!"

"तावडे, तुम्हीच सांगा," अधिकारी म्हणाले.

खरं बोललो तर नोकरी राहणार, अब्रू जाणार. खोटं बोललो तर अब्रू राहणार, चूल विझणार. मला मनापासून भीती वाटली. वर सरकारी पंखा संथ फिरत होता. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि पाणी हलकेच हलायला लागलं...

सावंतने चिमटा काढला तेव्हा शैला टेबलाशी उभी होती. पर्समधून तिने सेफ्टी पिन लावलेला कागदांचा गठ्ठा काढला. माझ्या पगाराच्या पावत्या! "पंधराशे चाळीस, साहेब. भत्त्यांसकट."

"तुला कुठे मिळाल्या?" मी पुटपुटलो.

"तुमच्या खिशात. शर्ट धुवायच्या आधी खिसे बघते मी. पहिल्या महिन्यापासून."

अण्णा खाली बसले. परतताना बसथांब्यावर बस दिसते का ते बघत उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "जावईबापू, शैलाला पुरणपोळ्या येतात असं मीही सांगितलं होतं." मला हसू आलं आणि जरा भरूनही आलं.

केस हरणार हे ओळखून कंपनीने मला परत घेतलं. वर तीन महिन्यांनी पगारही वाढवला. अण्णांनी वाकोल्यात पेढे वाटले. मी पगारवाढीचं पत्र सावंतला दाखवलं, तर त्याने कपाळावर हात मारला.

"वाट लागली तुझी! आकडा बघ."

पगार सोळाशे एक. एका रुपयात मी साहेब झालो, आणि माझी दाद मागायची सोय गेली! तेव्हापासून पंख्यांखाली मी डोळे ताणून उभा राहायला लागलो. आता रिटायर होऊन कैक वर्षं झाली, दुपारी निवांत पडतो, खाडी येते, होडी येते. पण मी मेला होडीतसुद्धा उभाच असतो!