बारा कोंबडे आणि पंक्तिभेद

माझी पीएच.डी. बारा कोंबड्यांच्या विष्ठेवर अवलंबून होती, आणि कोंबड्यांनी आपलं काम चोख केलं हे आधीच सांगून टाकते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही लखनौला, मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत राहत होतो. नवरा इंजिनिअर, मुलं शाळेत, मी पशुआहाराची विद्यार्थिनी. (वय छत्तीस!) नोंदणीची शेवटची मुदतवाढ चालू होती, यानंतर दार बंद. खाद्यातली प्रथिनं कमी-जास्त केली की अमिनो आम्लं किती पचतात, हा माझा विषय. खाल्लेलं मोजायचं, टाकलेलं मोजायचं, वजाबाकी करायची. नेमकं तेव्हाच संस्थेच्या शेडचं छप्पर दुरुस्तीला निघालं आणि पिंजरे, खालच्या विष्ठेच्या ट्रेंसकट, आमच्या मागच्या व्हरांड्यात आले. अ गटाला प्रथिनं भरपूर, ब ला मध्यम, क ला कमी. तीन पिंपं, तिन्हींवर चिठ्ठ्या.

शेजारच्या सक्सेनाबाईंनी पहिल्याच दिवशी भिंतीवरून विचारलं, "बहनजी, ट्रे में बड़ियाँ सुखा रही हैं?" (बड़ियाँ म्हणजे आपले सांडगे.)

"हाँ," मी म्हटलं. "चखेंगी?"

त्यानंतर त्यांनी भिंतीवरून पाहणं सोडलं.

त्याच आठवड्यात नागपूरहून सासरे आले. पोस्टातून निवृत्त, ताठ कण्याचे. लहानपणी गावजेवणात ह्या माणसाला वेगळं, लांब बसवलेलं. तेव्हापासून पंक्तिभेद म्हटला की त्यांचं डोकं फिरायचं, आणि ते फिरणं रास्तच होतं. मी हौसेने त्यांना पिंजरे दाखवले.

"सूनबाई, ह्या क वाल्यांना कमी काहून?"

"प्रयोग आहे, बाबा."

"त्यांनी काय घोडं मारलं? वय एक, जात एक, घर एक. मग ताट वेगळं?"

"कमी खाणाऱ्याचं पचन कागदावर वाईट दिसतं, बाबा. विष्ठेत त्याच्या स्वतःच्या अंगातून झिजलेली प्रथिनंही येतात ना! ती आपण न पचलेल्यात धरतो. ते किती, हेच बघायचंय."

"म्हणजे खायला द्यायचं कमी, अन् वरून म्हणायचं ह्याला पचत नाही?"

"हो." (सुनांना हे वेगळं समजावावं लागत नाही.)

बाबा पिंपांवरच्या चिठ्ठ्या वाचू लागले. मला वाटलं, पटलं!

दहा दिवस मी पहाटे उठून खाद्य तोललं, ट्रे खरवडले, विष्ठा वाळवली, दळली, बाटल्यांत भरली. पोळ्या लाटण्याआधी हात तीनदा धुतले. बाटल्या प्रयोगशाळेत गेल्या, आकडे आले आणि माझे गाइड शुक्लाजी यांनी मला समोर बसवलं.

"मैडम, तीनों ग्रुप बराबर?"

"जी सर."

"इतना बराबर?" त्यांनी चष्मा काढला. "देखिए, इतना बराबर मुर्गे नहीं करते। इतना बराबर घर बैठे लिखने से आता है।"

दहा दिवस हाताने खरवडलेली विष्ठा, आणि आरोप काय, तर ती मी मनाने लिहिली!

घरी येऊन मी थेट पिंपं उघडली. तिन्हींत खाद्य अगदी सारखं. बाबा आरामात पेपर वाचत होते.

"बाबा, पिंपांना हात लावलात?"

"लावला ना! तू मला पिंजरे दाखवून लॅबला गेली, तेव्हाच तिन्ही चादरीवर ओतली, कालवली अन् सारखी भरली. चिठ्ठ्या तशाच ठेवल्या, तुला वाईट नको वाटायला. माझ्या घरात पंक्तिभेद चालणार नाही!"

मी नवऱ्याकडे पाहिलं.

"चूक झाली त्यांची," तो म्हणाला. "पण तत्त्व म्हणून बघ..."

तत्त्व म्हणून मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. शुक्लाजींना खरं सांगितलं, तर ते म्हणाले, "अच्छा! अब ससुरजी?" मुदत संपली, नोंदणी रद्द झाली. पुढे मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं.

कोंबडे परत घ्यायला संस्था तयार होईना. मग दर रविवारी एक, असे ते रश्श्यात गेले. एक तंगडी बाबांना, एक नवऱ्याला, छातीचे तुकडे मुलांना. सगळ्यांचं आटोपल्यावर मी ओट्याशी उभी राहून, भांड्याच्या तळाशी उरलेली मान खायची. बाबा ढेकर देऊन म्हणायचे, "आता कसं, सूनबाई! सगळे सारखे!"

बाराव्या रविवारी बारावी मान चोखताना माझ्या ध्यानात आलं, की तीन पिंपं कालवून घरातला क गट काही संपलेला नाही. मी बाबांवर भडकणारच होते, पण मग दुसऱ्या हातातली पळी दिसली. बाराही रविवार वाढणारी मीच होते! आयुष्यात एकही खाडा न करता तडीस नेलेला माझा तेवढा एकच प्रयोग.