मिठावर आलेलं हरीण

आठवड्याचे सहा दिवस तो लोकांच्या डोळ्यांपुढे एकेक काच धरून "आता कसं दिसतंय? आणि आता?" असं विचारत बसे, आणि सातव्या दिवशी स्वतःच्या डोळ्याला हातभर लांब लेन्स लावून रानात जाऊन बसे. बायको म्हणायची, "अहो, तुम्ही सुट्टी घेत नाही, नुसतं दुकान हलवता." सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. आपणही तेच म्हणू.

ती लेन्स म्हणजे एक प्रकरणच होतं. जुनी, जड आणि हट्टी. हल्लीच्या लेन्सा आपला फोकस आपणच शोधतात, हिला मोटारच नव्हती. डाव्या हाताने तिची कडी फिरवायची. चित्र धूसर, धूसर, मग एकदम लख्ख, आणि हात केसभर पुढे गेला की पुन्हा सगळं पाण्यात. एवढ्या लांबून जे लख्ख दिसतं त्याची खोली जेमतेम वीतभर. चालत्या हरणामागे कडी फिरवत बसलात तर हाती लागतं ते शेपूट, तेही पुसट. म्हणून चष्मेवाला हरणावर फोकस करतच नसे. ते जिथे येईल असं वाटे तिथलं एखादं खोड धरायचं, कडी पक्की करायची आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखं गप्प बसायचं. त्या वीतभर जागेत हरणाने आपल्या पायांनी यायचं.

"मी बोलावत नाही. ते येतं," तो सांगायचा, आणि हे सांगताना त्याची मान जरा जास्तच ताठ व्हायची. खरं सांगायचं तर आयुष्यात मान ताठ करावी असं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच. दुकान वडिलांचं, घर सासऱ्यांनी बघून दिलेलं. हरणं तेवढी त्याची स्वतःची.

जागा दाखवली होती साडूने, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने. त्याचं रानाच्या कडेला घर आणि घरालाच लागून गुरांच्या खाद्याचं दुकान. बोलायला लागला की थांबायचं नाव नाही, पण जिवाला जीव देणारा. रानात जाताना चष्मेवाला त्याच्याकडे चहा घ्यायचा आणि परत येताना पुन्हा घ्यायचा. दुकानापासून थोडं आत, झाडीतल्या मोकळ्या तुकड्यात, एक जुनं कापलेलं खोड होतं. सुरुवातीला तिथे महिनोन्‌महिने चिटपाखरू फिरकलं नाही. मग एका सकाळी एक मादी आली. मग दोन. मग मोठ्या शिंगांचा नर. चष्मेवाल्याला वाटलं, आपल्याला बसायला जमलं. वारा कसा घ्यायचा, खोकला कसा गिळायचा, हे आपल्या अंगात मुरलं. कोट तर तो धूही देत नसे. हरणांना आपला वास ओळखीचा झालाय, असं त्याचं म्हणणं. बायको तो कोट दोन बोटांनी उचलून गॅलरीत टांगायची.

संध्याकाळी घरी मेव्हणीचा फोन आला की ती हसत विचारायची, "काय भावजी, आले का पाहुणे?" त्यावर बायकोही हसायची. आणि चष्मेवाला भरल्या मनाने सांगायचा, "आले."

शहरातल्या छायाचित्र मंडळात त्याचा दरारा होता. रानातल्या फोटोंसाठी त्यांचा एकच कडक नियम होता: जनावराला आमिष दाखवायचं नाही. एकदा मंडळातल्या बेकरीवाल्याने झाडाखाली धान्य टाकून सशाचा फोटो काढल्याचं कळलं, तेव्हा सगळ्यांत जास्त भडकला तो आपला चष्मेवालाच. "हा फोटो नाही, ही पंगत आहे!" असं तो भर बैठकीत म्हणाला होता. बेकरीवाल्याचा चेहरा पडला आणि फोटो भिंतीवरून उतरला.

तर या वर्षीच्या प्रदर्शनात दारासमोरच्या मोठ्या भिंतीसाठी चष्मेवाल्याचा फोटो निवडला गेला. तोच नर, पुढचा एक पाय उचललेला, नजर थेट लेन्समध्ये. मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "पुरुषभर उंच करा. लोकांना दारातच थबकू द्या."

छपाईच्या दुकानात तो कागद यंत्रातून हळूहळू बाहेर येत होता. आधी शिंगं आली, मग डोळे. डोळ्यांवर फोकस असा बसला होता की चष्मेवाल्याला स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली. मग मान, उचललेला पाय, आणि शेवटी खोड. खोडाच्या बुंध्याशी, गवताच्या आडून, काहीतरी पांढरं डोकावत होतं. त्याला वाटलं बुरशी असेल. त्याने चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. बुरशीला सरळ कड नसते. ती मिठाची वीट होती, गुरांना चाटायला ठेवतात तसली, आणि मधोमध जिभेने चाटून चाटून तिला खळगा पडला होता. इतकी वर्षं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो बघताना तो डोळे लख्ख आहेत ना एवढंच बघत आला होता. खोडाच्या पायथ्याशी कोण बघतंय!

कागद तिथेच टाकून तो तडक साडूच्या दुकानावर गेला. दाराशीच मिठाच्या विटांची थप्पी होती. तिच्या शेजारी बसून त्याने आजवर किती चहा ढोसला होता, देव जाणे.

"खोडाशी मीठ तू ठेवतोस?"

साडू पोतं शिवत होता. त्याने वर पाहिलं आणि तो चक्क हसला. "कळलं का शेवटी? अहो साडूभाऊ, किती वर्षं झाली त्याला!"

"का?"

"का म्हणजे? तुम्ही रिकाम्या हाताने परत यायचात, घरी तोंड पाडून बसायचात. तुमची मंडळी हिच्याकडे रडली, ही माझ्या मागे लागली. म्हटलं, एक वीट टाकली तर माझं काय जातंय? पुरती झिजली की नवी टाकतो, गवताखाली सारून. या वेळी जरा घाईत होतो."

म्हणजे तिघांनाही ठाऊक होतं. तो फोन, ते हसणं, ते पाहुणे. चष्मेवाल्याला एकदम सगळं उमगलं आणि कानशिलं तापली. परक्याने फसवलं असतं तर त्याने भांडून मोकळं केलं असतं. इथे आपल्याच माणसांनी, गोड बोलून, लाड करून, केसाने गळा कापला होता. लहान मुलाला मुद्दाम जिंकू देतात तसं त्याला जिंकू दिलं होतं. आणि तो मोठा झाल्याच्या थाटात मिरवत राहिला होता.

घरी बायकोने आधी कानावर हात ठेवले, मग रडली. "अहो, तुम्ही खुशीत घरी यायचात. मला तेवढंच हवं होतं."

"मला ते हरीण हवं होतं," तो म्हणाला.

"हरीण तर खरंच होतं ना?"



दुसऱ्या दिवशी त्याने मंडळात जाऊन सरळ सांगितलं, "फोटो काढून घ्या. हरीण मिठावर आलं होतं." अध्यक्षीणबाई म्हणाल्या, तुम्हाला माहीत नव्हतं, तुमचा काय दोष? बेकरीवाला कोपऱ्यात बसला होता. त्याने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं, पण त्याने नुसती शेजारची खुर्ची पुढे सरकवली.

त्यानंतर चष्मेवाला साडूच्या दारावरून जाईनासा झाला. रानाच्या पार दुसऱ्या अंगाला त्याने एक जागा शोधली. घरी विचारलं तर "इथेच, जवळच" एवढंच सांगायचा. ओढ्याकाठच्या एका दगडावर फोकस धरून, कडी पक्की करून तो बसायचा आणि तसाच रिकामा परतायचा. तोंड पडलेलं असायचं, पण आता घरात कुणी काही म्हणत नसे.

आणि एका सकाळी, ऊन नुकतंच ओढ्यावर उतरलेलं असताना, झुडपातून एक मादी निघाली. सावकाश, मध्येच थांबत, कान हलवत ती दगडापाशी आली. बरोबर त्या वीतभर जागेत उभी राहिली. तिच्या पापणीचा केस न्‌ केस लख्ख दिसत होता. चष्मेवाल्याचं बोट बटणावर होतं. मग तिने मान खाली घातली आणि दगडाच्या पायथ्याशी काहीतरी हुंगू लागली.

त्याचं बोट थबकलं. इथेही? कुणी सांगितलं यांना? बायको मागोमाग आली असेल? साडू?

तो उठला. कॅमेरा तिपाईवर तसाच सोडून तो ओढ्याकडे धावत सुटला. मादी एका उडीत झाडीत नाहीशी झाली. दगडाशी गुडघे टेकून त्याने गवत उपसलं, दगडाखाली हात घातला, ओली माती चिमटीत घेतली आणि जिभेवर ठेवली.

नुसती माती होती.