जांभईवरून पुस्तक निवडणाऱ्या बाई

आमच्या वाचनालयातल्या बाईंच्या बोटांना कायम डिंक असतो, कारण फाटकी पुस्तकं त्या स्वतःच चिकटवतात. पुस्तक द्यायची त्यांची तऱ्हाही वेगळी.

माझ्या नातीला रॉकेट कसं उडतं ते शिकायचं होतं. तिने हौसेने सगळ्यात जाडजूड पुस्तक आणलं आणि आठवड्यात तोंड पाडून परत नेलं. "मला नाही जमायचं हे," म्हणाली.

"तू कमी नाहीस गं, पहिलं पुस्तक चुकलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी तीन काढून दिली. "प्रत्येकातलं एक पान घरात कुणाला तरी वाचून दाखव. ऐकणाऱ्याने जांभई दिली तर पुस्तक परत आण. प्रश्न विचारला तर ठेवून घे."

घरात रिकामी मीच, तीही चौथीत शाळा सुटलेली. पहिल्या पुस्तकाला मी जांभई दिली, दुसऱ्याला तर डोळाच लागला.

"आजी, मुद्दाम करतेस ना?"

"तुझी शपथ, नाही गं!"

तिसऱ्यात फुगा होता. हवा मागे सुटते आणि फुगा पुढे पळतो. मी म्हटलं, "पण तिकडे वर हवाच नाही म्हणतात. मग रॉकेट रेटतं तरी कशाला?"

नातीने पान उलटलं. "आजी, इथे हाच प्रश्न छापलाय! ते पोटातला तापलेला वायू मागे फेकतं आणि तोच त्याला पुढे ढकलतो. मला कळलं गं!"

बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा फुलला होता. "पुढचं ऐकणार?"

"वाच," म्हटलं, "पण सावकाश. मलाही कळू दे."