वळणावरची वीस मिनिटं

सावळीराममामांच्या टेम्पोच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. धुणाऱ्याने गाडी बाहेरून धुवायची आणि बाजूला व्हायचं. कुणी हौसेने आत बसून गाडी दोन हात पुढे घेतली, तर मामा दिवसभर तोंड फुगवून बसायचे. आम्ही मुद्दाम त्यांना छेडायचो, "मामा, नवसामामींना तरी बसू देता का शेजारी?" यावर ते फक्त मिशीत हसायचे.

आमच्या शेठची दुधाची एजन्सी होती, ऑफिस नाशिकच्या इंदिरानगरला. मामा तिथे १९९४ साली लागले. मी बऱ्याच वर्षांनी आलो, कॉम्प्युटरवाला म्हणून. मामांचं काम म्हणजे सकाळी पिशव्यांचं दूध भरून नाशिकहून त्र्यंबक आणि पुढे घाटाने हरसूल, वाटेतल्या दुकानांवर क्रेट उतरवत जायचं. त्र्यंबक आलं की एसटीडी बूथवरून फोन यायचा, "सावळीराम बोलतो. गाडीनं त्र्यंबक सोडलं." मग हरसूलहून दुसरा, "गाडी हरसूलला पोचली." 'मी पोचलो' असं ते कधी म्हणाले नाहीत. बारा वर्षांत एक फोन चुकला नाही.

२००६ साली शेठने सगळ्या गाड्यांना जीपीएसचे डबे बसवले. साबणाच्या वडीएवढा डबा, पोटात मोबाइलसारखंच सिमकार्ड. गाडी कुठे आहे हे तो मिनिटामिनिटाला माझ्या कॉम्प्युटरला कळवायचा. शेठ खुशीत होते. मामांना म्हणाले, "आता फोन करत बसू नका."

"मग मी बोलायचंच नाय?"

"डबा बोलेल की."

मामांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद झाले. दोन-तीन सकाळी मला चुकल्यासारखं वाटलं, मग तेही वाटेनासं झालं.

डबेवाल्या कंपनीकडून रोज एक तक्ता यायचा. त्यात तीनच रकाने, गाडीचा नंबर, ठिकाण आणि किती वेळ उभी. महिनाभरात माझ्या लक्षात आलं की मामांची गाडी त्र्यंबकच्या पुढे घाटातल्या एका वळणावर रोज उभी राहते. कधी वीस मिनिटं, कधी बावीस. तिथे ना दुकान, ना वस्ती. मी हुशारी दाखवत तक्ता शेठपुढे ठेवला. नेमकी त्याच आठवड्यात हरसूलच्या दुकानदाराची तक्रार आली होती, दूध नासलेलं येतं म्हणून. मे महिन्यात दूध नासायला आणखी काय लागतं, पण शेठच्या डोक्यात संशय पक्का बसला. मामा डिझेल काढून विकतात, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

मामांना केबिनमध्ये बोलावलं.

"गाडी उभी नव्हती, शेठ," मामा म्हणाले. "दीपमालाची शप्पथ."

दीपमाला त्यांची एकुलती लेक. मामा उठसूट शप्पथ घेणाऱ्यातले नव्हते. शेठ मात्र तक्त्यावर बोट आपटत राहिले. पोलिसांत देतो म्हणाले. मामांचा चेहरा पांढराफटक पडला.

मला ते बघवेना. मामांवर माझा जीव होता, हे खरंच सांगतो. चोर ठरण्यापेक्षा झोपाळू ठरलेले बरे, असा हिशोब मी क्षणात केला आणि मध्येच बोललो, "शेठ, मामांना साखरेचा त्रास आहे. गाडी बाजूला घेऊन डुलकी लागत असेल. त्यांना स्वतःलाच कळत नसेल."

शेठने तक्त्यावरचं बोट उचललं. मामा माझ्याकडे वळले.

"ललित, तू सोताच्या डोळ्यानं बघितलं? मशीनमधी?"

"हो मामा. रोज दिसतं."

 मामांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "आसंल मग. झोपंतलं माणसाला काय कळतंय. पन आपन कवा झोपतो ह्येच ज्याला कळत नाय, त्यानं गाडी चालवू नाय."

शेठ म्हणाले, थोडे दिवस आराम करून या. मामा आले नाहीत. सिन्नरजवळच्या आपल्या गावी गेले आणि टोमॅटो, मेथी करू लागले. त्यांच्या माघारी शेठने हरसूलची लाइनच बंद केली.

२००९ साली ती लाइन पुन्हा सुरू झाली. आता गाडीवर आमचाच जुना ड्रायव्हर बहिरू होता आणि गाडीत नव्या जातीचा डबा. पहिल्याच सकाळी मी स्क्रीनकडे बघत होतो. त्र्यंबकच्या पुढे, त्याच वळणावर, बहिरूची गाडी उभी राहिली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मी मनात म्हटलं, हासुद्धा त्यातलाच. तेवढ्यात गाडी एकदम चौदा किलोमीटर पुढे दिसली, आणि मागचा रिकामा रस्ता ठिपक्यांनी भरत गेला. एकेका मिनिटाचा एकेक ठिपका. गाडी कुठेच उभी नव्हती.

डबेवाल्या कंपनीच्या मेकॅनिकला फोन लावला. तो सहज म्हणाला, "तिथं टॉवर नाही हो. रेंज गेली की जुना डबा शेवटची जागाच दाखवत बसायचा. नवा सगळं साठवून ठेवतो, रेंज आली की पाठवतो."

मी जुनी माहिती उघडली. तक्ता नव्हे, त्याच्या मागची सगळी नोंद. मामांची गाडी वळणावर उभी, आणि उभी राहणं संपल्यावर एका मिनिटात चौदा किलोमीटर पुढे. रोज. घाटात, दुधाने भरलेला टेम्पो, एका मिनिटात चौदा किलोमीटर! पाचवीतल्या मुलालाही हे गणित सुटलं असतं. मी तीन रकान्यांच्या पुढे पाहिलंच नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

बहिरूच्या गाडीच्या ठिपक्यांचा कागद मी छापून घेतला आणि रविवारी सिन्नरची एसटी पकडली. वर्षभरापूर्वी बहिरूकडून कळलं होतं की दीपमाला बाळंतपणात गेली. तेव्हा मी भेटायलाही गेलो नव्हतो. आता निदान मामांच्या माथ्यावरचा कलंक पुसू, एवढंच मनात होतं. एसटीत मी दोनदा कागद उघडून पाहिला.

मामा मळ्यात होते. नवसामामींनी पाणी दिलं, नाशिकची विचारपूस केली. मग दीपमालाचा विषय निघाला आणि त्या ओट्यावर खालीच बसल्या.

"पयलं बाळंतपण, म्हनून म्हायेरी आनली व्हती. सकाळी कळा सुरू झाल्या. शेजारच्या नाथाची जीप ही इथं दारात उभी. नाथा बाजारला गेल्याला, पन किल्ली घरात खिळ्याला. मी ह्यांच्या पाया पडले, म्हनलं, सिन्नर काय लांब हाय, चला घेऊन. ह्यांनी किल्ली हातात घेतली आन् परत खिळ्याला लावली. म्हनले, माझा डोळा लागतो, मला कळत नाय. नाथा यायला दीड तास लागला. दवाखान्यात पोचोस्तवर पोरीचं रगत थांबंना."

त्या पदराने डोळे पुसत राहिल्या. मी खिशावर हात ठेवून बसलो होतो. आतला कागद हाताला लागत होता.

एवढ्यात मामा आले. वर्षा-दीड वर्षाची एक मुलगी त्यांच्या खांद्यावर बसून त्यांची टोपी ओढत होती. मामा पार वाळले होते. मला बघून मात्र लगबगीने पुढे आले.

"ललित! कवा आला रं? ही पूजा. दीपमालाची."

मी तिच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. मामा माझ्याजवळ बसले आणि आवाज खाली करून म्हणाले, "तुला येकदा भेटायचंच व्हतं. तू त्या दिशी शेठफुडं बोललास ना, मला लय लागलं व्हतं. लय दिवस राग धरला तुझा. पन आता वाटतं, तू बोलला नसता तर मी त्या सकाळी जीप काढली असती. वाटंत डोळा लागला असता, आन् मायलेकी दोघी गेल्या असत्या. ही तरी ऱ्हायली. तुझे उपकार हायेत, बाबा."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. ते हात खरखरीत होते. मी तोंड उघडलं. 'मामा, तुमचा डोळा कधीच लागला नाही,' एवढंच वाक्य होतं. ते बोललो असतो तर त्यांची अब्रू परत मिळाली असती, आणि खिळ्याला परत लावलेली ती किल्ली जन्मभर त्यांच्या डोळ्यांपुढे राहिली असती.

"कशापायी आला व्हतास?" त्यांनी विचारलं.

"सहज," मी म्हणालो. "बरेच दिवस भेट नव्हती."

चहा झाला. निघताना त्यांनी टोमॅटोची पिशवी हातात दिली आणि पूजाला टाटा करायला लावलं. सिन्नरपर्यंत मला नाथानेच जीपने सोडलं. मामा सोडायला रस्त्यापर्यंत आले, पण जीपला त्यांनी हात लावला नाही.