बावीसशे सालच्या महासत्ता

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. चार शहाणी माणसं दर रविवारी दुपारी एका पडवीत बसवा आणि त्यांना काही काम देऊ नका. माडाखाली झावळ्या साचतात तसे किस्से आपोआप साचतात. ती पडवी माझी होती, एवढंच माझं दुर्दैव!

मी तेव्हा मालवणात एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. रशियाने आकाशात उपग्रह सोडल्याची बातमी आली आणि आमचे नाना वकील पेपर फडकवत आले. "मास्तर, पुढची युद्धं वर होणार! कोण कुणाच्या बाजूने असेल, हे आत्ताच ठरवायला हवं."

"आपण?"

"मग दुसरं कोण?"

झालं! साल ठरलं बावीसशे. मी ड्रॉइंग पेपर जोडून भलामोठा नकाशा रंगवला. आरमार म्हणून काजूच्या बिया मांडल्या. नानांनी मंगळ घेतला. तीस वर्षं बोटीवर सारंग म्हणून खलाशांवर ओरडलेल्या दाजींनी चंद्र घेतला. दवाखान्यातल्या भिकू कंपाउंडरच्या वाट्याला पृथ्वी आली. मी पंच. म्हणजे पट्टी, पेन्सिल आणि डोकेदुखी माझी!

* * *

पहिला अख्खा रविवार पृथ्वीची राजधानी ठरवण्यात गेला. भिकू मूळचा कुडाळचा. त्याने पृथ्वीची राजधानी कुडाळला नेली.

दाजी भडकले. "चंद्रावरसून कुडाळ दिसाचां तरी काय? मालवण होयां! बंदर आसा!"

"कुडाळाक आठवड्याचो बाजार आसा!"

दोन तासांनी तोड निघाली. सहा महिने कुडाळ, सहा महिने मालवण. मी भीत भीत विचारलं, "आणि लंडन? मॉस्को?"

दोघेही एका सुरात म्हणाले, "तेंका कोण इचारता?"

* * *

मग पृथ्वी आणि चंद्राची युती झाली, मंगळाविरुद्ध. तहनामा लिहिला नानांनी. शत्रू असले तरी गावात ओळखीचा वकील एकच ना!

चौदा पानं! मी वाचायला घेतली. "सदरहू चंद्राची चतुःसीमा: पूर्वेस आकाश, पश्चिमेस आकाश, दक्षिणेस आकाश, उत्तरेस वहिवाटीची पायवाट."

"नाना, चंद्राला पायवाट कसली?"

नानांनी चष्मा काढून पुसला. "असू दे मास्तर. आत्ता लिहिली नाही, तर पुढे कोर्टात जावं लागतं."

* * *

भिकूने एकदा गुप्त शस्त्र काढलं. जांभळा किरण! पडला की शत्रूचं जहाज वितळणार. मी नियमांच्या वहीत लिहायला बसलो. "किती वेळा सोडता येईल?"

"दिसातसून तीन वेळा," भिकू म्हणाला. आणि सवयीने पुढे, "जेवणानंतर."

* * *

दाजींचं आरमार आषाढात हललंच नाही. नाना मंगळावरून चालून येतायत आणि दाजी स्वस्थ सुपारी कातरतायत!

"दाजी, तुमची खेळी."

"पावसाळ्यात होडी कोण घालता?"

"अहो, अवकाशात पावसाळा नसतो!"

"तुमी थंय जावन इल्यात?"

नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी दाजी सोवळ्यात असल्यासारखे आले. नकाशातल्या चंद्राला कुंकू लावलं, आणि मी "अहो, अहो" करेपर्यंत तिथेच नारळ फोडला! माझे वॉटरकलर! अर्धा मंगळ वाहून नानांच्या धोतरावर गेला.

दाजी खूश. "बघा! पयल्याच दिवशी अर्दो मंगळ गेलो!"

* * *

उरलेल्या अर्ध्या मंगळाचं आरमार आमच्या हिच्यामुळे गेलं. एका रविवारी बशीभर भाजलेले काजू पुढ्यात आले. नानांनी मूठभर तोंडात टाकले. "वा वहिनी, काय खमंग भाजलेत!"

"तुमचीच जहाजं ती, भावजी," ही म्हणाली. "आठवडाभर पडवी झाडता येत नव्हती."

* * *

पण हे सगळं काहीच नव्हे, असं एक पुढे झालं. दाजींचा मुलगा वसंत मुंबईला छापखान्यात होता. भिकूची मुलगी शालन त्याला सांगून आली होती. बोलणी झाली, वैशाखातला मुहूर्त निघाला. आणि त्याच सुमारास एका रविवारी भिकूने दोन वर्षांची युती मोडली, नानांशी संधान बांधलं आणि चंद्र घेतला!

दाजी उठले. "अशा माणसाघरचां चेडू माका नको."

आम्हाला वाटलं, थट्टा. तिसऱ्या दिवशी खरोखरच भिकूकडे लग्न मोडल्याचा निरोप गेला. भिकूची बायको आमच्या हिच्यापुढे रडून गेली.

मी दाजींकडे गेलो. "दाजी, खेळ होता तो."

"खेळ?" दाजींनी अडकित्ता खाली ठेवला. "दोन वर्षां तेच्यावर इस्वास ठेयलंय, तो पण खेळ?"

भिकूकडे गेलो. म्हटलं, "चंद्र परत दे रे बाबा!"

"मास्तरानू, हातात इलेलो चंद्र कोण सोडता?" म्हणाला खरा, पण बोलता बोलता खोकल्याचं मिक्श्चर पोटदुखीच्या बाटलीत ओतून बसला. आणि मागे हटायलाही तयार नाही! वाटलं, तो नकाशा चुलीत घालावा.

शेवटी पंचाचा निकाल द्यायचाय, असं खोटंच सांगून रविवारी सगळ्यांना बोलावलं. दोघे एकमेकांकडे पाठ करून बसले. निकाल काय द्यायचा, मला ठाऊक नव्हतं. एवढ्यात न बोलावता शालन आली. सरळ नकाशापाशी जाऊन वाकून बघू लागली.

"मास्तरानू, ह्यां सगळां खयच्या सालातलां?"

"बावीसशे."

तिने बोटांवर मोजलं. "म्हंजे अजून दोनशे चाळीस वर्षां आसत." मग बापाकडे आणि दाजींकडे पाळीपाळीने बघत म्हणाली, "मगे माजां लगीन ह्या वैशाखात करून घेया. चंद्राचां तुमी सावकाश बघा!"

दाजींनी सरकून चटईवर जागा केली.

"बस गो," ते म्हणाले.

वैशाखात लग्न झालं. चांगलं दणक्यात झालं. पंगती उठल्यावर भिकू रीतीप्रमाणे हात जोडून व्याह्यांपुढे उभा राहिला. "दाजीनू, काय उणां पडलां आसात तर सांगा."

दाजींनी मांडवभर नजर फिरवली.

"सगळां बेस झालां," ते म्हणाले. "फकत एक चंद्र उणो!"